तापट, पण मनाने चांगला

पत्र:

ताई, माझी मुलगी अकरावीला आहे, वय १६. दहावीपर्यंत अवांतर पुस्तकाला हात लावत नव्हती. आता रात्री एक-दीडपर्यंत इंग्रजी प्रेमकथा वाचत बसते. काही फुटपाथवरून आणलेल्या, काही मोबाईलवर. परवा तिच्या गादीखाली तीन पुस्तकं सापडली: ‘ट्वायलाइट’, ‘आफ्टर’ आणि ‘इट एन्ड्स विथ अस’. मी मधलं चाळलं. त्यातला मुलगा नायिकेला वाट्टेल ते बोलतो, रडवतो आणि थोड्या पानांनी ती पुन्हा त्याच्या मिठीत! मी तिन्ही पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. खरी भीती पुढेच आहे. क्लासमधला एक मुलगा तिला सारखा फोन करतो. मागच्या रविवारी माझ्या बहिणीकडे वास्तुशांतीला गेलो होतो, हिचा फोन पर्समध्ये राहिला, तर तासाभरात त्याचे सतरा मिस्ड कॉल. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला माझी काळजी वाटते, तुला नाही कळणार." हे या पुस्तकांनीच शिकवलं ना? आमच्या घरात तसं काही नाही. हे जरा तापट आहेत, पण मनाने चांगले. मुलीला कधी काही कमी पडू दिलं नाही. पुस्तकं परत देऊ की रद्दीत घालू?
एक आई, सांगली

उत्तर:

ताई,

पुस्तकांचं नंतर बोलू. आधी ते सतरा मिस्ड कॉल.

तासाभरात सतरा, म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी एक. काळजीने फोन करणारं माणूस असं करत नाही. दोनदा फोन लागला नाही की ते दुसऱ्या कुणाला तरी विचारतं, "पोचली का गं ती?" आणि पोचली एवढं कळलं की निवांत होतं. तुमची लेक मावशीकडे वास्तुशांतीला जाणार हे त्या मुलाला माहीत होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं माहीत असणार. सोळा वर्षांची मुलगी रविवारी कुठे जाणार, काय घालणार हे शुक्रवारपासून सांगत असते. माहीत असूनही तो फोन करत राहिला असेल, तर त्याला तिची खुशाली नको होती, हजेरी हवी होती.

त्या मुलाला मी खलनायक ठरवत नाहीये. तोही सोळा-सतराचाच असेल. मागे लागत राहायचं, नकारामागे होकार लपलेला असतो, असं कित्येक वर्षांच्या सिनेमांनी त्याच्याही मनावर बिंबवलंय. त्याच्याशीही कुणीतरी बसून बोलायला हवं. पण तुमच्या जवळ आहे ती तुमची लेक, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

"तो मुलगा चांगला नाही" असं तिला म्हणू नका. म्हणालात की ती त्याची वकील होईल, आणि एकदा वकीलपत्र घेतलं की माणूस स्वतःच्या मनातली शंकासुद्धा बोलून दाखवत नाही. त्यापेक्षा विचारा. फोनवर त्याचं नाव दिसलं की छान वाटतं की पोटात गोळा येतो? उत्तर द्यायला उशीर झाला तर पुढे काय होतं? त्याला न आवडणारी तुझी कुठली मैत्रीण आहे का? एका वेळी एकच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर ताणू नका. विचारलेला प्रश्न तिच्याजवळ राहतो.

हे मी अनुभवाने सांगते. सतराव्या वर्षी मी गल्लीतल्या लायब्ररीतून रोज एक कादंबरी आणायचे. ब्राऊन पेपरचं कव्हर, शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के, आणि आत कपाळाला आठी घातलेले करारी नायक. त्याच वर्षी एक मुलगा मला बसस्टॉपवर भेटायला लागला. पाच मिनिटं उशीर झाला की तो दोन-दोन दिवस बोलायचा नाही. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, "त्याला माझ्याशिवाय करमत नाही." तेव्हा आत्या आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी मी भात अर्धवट टाकून उठले आणि चपला शोधायला लागले. आत्याने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "उशीर झाला तर काय होतं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेही पुढे काही विचारलं नाही, ताटावर ताट झाकून ठेवलं. पण तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत यायचा. शेवटी मी तिथे जाणं सोडलं, ते त्या प्रश्नामुळे. आत्या रागावली असती तर मी नक्की जात राहिले असते.

एक गोष्ट माहीत असू द्या. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही तिला पुन्हा पुन्हा फोन-मेसेज करणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ साली तो कायद्यात आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. हे तिला घाबरवायला सांगत नाही, आणि त्या मुलावर उद्या तक्रार करा असंही म्हणत नाही. तिने अजून त्याला "नको" म्हटलेलं नाही. पण ती म्हणाली आणि त्याने ऐकलं नाही, तर कायदा तिच्या बाजूने आहे, एवढं तिच्या कानावर असावं. लहान मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे दोन्ही हेल्पलाइन क्रमांक तिच्या फोनमध्ये असू द्या, तुमच्याही.

आता पुस्तकं. ती तिन्ही मी वाचली आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुली ती वाचतात.

‘ट्वायलाइट’ २००५ सालचं. नायिका सतरा वर्षांची, नायक रक्तपिपासू, दिसायला तिच्याच वयाचा पण खरं वय शंभराच्या वर. तो रात्री तिच्या नकळत तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला हे कळतं तेव्हा ती विचारते, असं किती वेळा आलास? जवळजवळ रोज रात्री, तो सांगतो. तिला राग येत नाही. आपण झोपेत काय बडबडलो असू, याचीच तिला लाज वाटते. पुढे तिसऱ्या भागात तिने एका मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून घेतो. कारण लेखिकेने दिलेलं आहेच: तिच्या जिवाला धोका आहे, तो तिला जपतोय.

या पुस्तकाच्या वाचकांतूनच पुढची लेखिका निघाली. तिने याच जोडीवर हौसेने कथा लिहायला घेतली आणि तिचं २०११ साली ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ झालं. तीन वर्षांत त्या मालिकेच्या दहा कोटींवर प्रती खपल्या. रक्तपिपासू जाऊन त्याच्या जागी अब्जाधीश आला. मग २०१३ मध्ये एका तरुणीने मोबाईलवर वाचायच्या एका ॲपवर, आपल्या आवडत्या गायकाला नायक करून, रोजच्या रोज प्रकरणं टाकायला सुरुवात केली. तेच तुमच्या कपाटातलं ‘आफ्टर’. पुस्तक छापताना नायकाचं नाव बदललं. आता अब्जाधीशही गेला आणि त्याच्या जागी कॉलेजातला तिरसट, तोंडाळ मुलगा आला.

मला काळजी वाटते ती इथे. रक्तपिपासू सांगलीत भेटत नाही. हेलिकॉप्टरवाला अब्जाधीशही भेटत नाही. वाचणाऱ्या मुलीला ती गंमत आहे हे पक्कं ठाऊक असतं. तिरसट मुलगा मात्र क्लासमध्ये मागच्या बाकावर बसलेला असतो. पुस्तक आणि आयुष्य यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती ती एकेका पुस्तकाने कमी होत गेली. आपल्याकडच्या ॲपवरच्या मराठी कथा बघा, रोज एक भाग येतो. गर्विष्ठ बॉस, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, लग्नानंतर तीनशे भाग टाकून बोलणारा नवरा आणि तीनशे एकाव्या भागात त्याच्या डोळ्यांत पाणी. त्या वाचणाऱ्या मुली-बायका तुमच्या-माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात, भाकरी भाजून झाल्यावर पुढचा भाग उघडतात.

तुमचा प्रश्न असा, की याचा परिणाम होतो का. लोकांनी हे तपासून पाहिलंय. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ ते २४ वयाच्या ६५५ तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘फिफ्टी शेड्स’ वाचलेल्यांमध्ये, न वाचलेल्यांच्या तुलनेत, अंगावर ओरडणारा, शिव्या देणारा, नको असताना फोन-मेसेज करत राहणारा जोडीदार लाभलेल्या जास्त होत्या. उपाशी राहून वजन कमी करणाऱ्याही जास्त. ही बातमी वाचली की तुमच्यासारखी आई लगेच कपाटाला दुसरं कुलूप लावेल. पण त्या संशोधकांनीच सांगितलं होतं की आधी काय आणि नंतर काय, हे यातून कळत नाही. पुस्तक वाचून मुलगी तशा मुलाकडे गेली, की तसा मुलगा आधीच आयुष्यात होता म्हणून ते पुस्तक तिला आपलं वाटलं? सतरा मिस्ड कॉल येणारी मुलगी असं पुस्तक का उचलते याचा विचार करा. तिच्याबरोबर जे चाललंय त्याला त्या पुस्तकात एक छान नाव मिळतं.

दुसरा एक अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. २००० साली प्रसिद्ध झालेला, तोही अमेरिकेतलाच. प्रेमकथा जास्त वाचणाऱ्या तरुणींचं कंडोमबद्दलचं मत जरा वाईट आढळलं, कारण त्या कथांमध्ये वाहून जाणं म्हणजे प्रेम, आणि सावध राहणं म्हणजे विरस. मग संशोधकांनी अशाच कथा काही जणींना वाचायला दिल्या, फक्त त्यात नायक-नायिका काळजी घेतात असे प्रसंग घातले. त्या वाचलेल्यांचं मत सुधारलं. म्हणजे कथा मनावर काम करते, आणि ती दोन्हीकडे वळवू शकते. त्यामुळे "गोष्टीच तर आहेत, त्याने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. आणि रद्दीवाल्याला हाक मारणाऱ्यांच्या बाजूलाही नाही.

मी मुलींच्या गटात कधी कधी एक प्रयोग करते. पुस्तकाचं नाव न सांगता प्रसंग सांगते: तुमच्या वर्गातला एक मुलगा रोज रात्री खिडकीतून तुमच्या खोलीत येतो, तुम्ही झोपलेल्या असता, तो बघत बसतो. "शी!", "आईला सांगेन", "पोलिसांत द्या त्याला", एकच गलका होतो. मग मी नायकाचं नाव सांगते. सगळ्या गप्प. मागे एकदा एक जण म्हणाली, "पण मॅडम, तो किती देखणा आहे." हशा पिकला. हसणं थांबल्यावर कोपऱ्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "आणि तो तिला काही करणार नाही, हे आपल्याला माहीत असतं."

तिने वर्मावर बोट ठेवलं. ‘आपल्याला माहीत असतं.’ प्रेमकथा वाचणारीला शेवट गोड होणार याची हमी असते. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर आपण ओरडतो, पोटात खड्डा पडतो, तरी मजा येते, कारण कमरेशी दांडा लावलेला असतो. अमेरिकेच्या एका गावात चाळीसेक प्रेमकथावेड्या बायकांशी बोलून जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांतल्या काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवट वाचून खात्री करून घ्यायच्या. दिवसभर नवरा-मुलांचं करणाऱ्या या बायकांना ते वाचन म्हणजे स्वतःचा असा तासभर वाटायचा, आणि मला तो तास कुणाकडून हिसकावून घ्यावासा वाटत नाही. पण रॅडवे यांनी आणखी एक गोष्ट टिपली. नायक सुरुवातीला जे तोडून बोलतो, दुखावतो, त्याचा शेवटी उलगडा होतो की तो मुळात प्रेमच करत होता, त्याला ते दाखवता येत नव्हतं. मग वाचणारी मागची सगळी पानं त्या नजरेने पुन्हा वाचते. अपमानाचं प्रेम होतं, संशयाची काळजी होते.

रॅडवे यांच्या बायका बहुतेक लग्न झालेल्या होत्या. त्यांच्याकडे पुस्तकाला ताडून बघायला एक खरा नवरा होता. तुमच्या मुलीकडे अजून ताडून बघायला काही नाही. तिला एवढंच दाखवून द्यायचं आहे: पुस्तकातल्या नायकाच्या मनात काय आहे ते लेखिका सांगते. कित्येक पुस्तकांत एक प्रकरण तिचं आणि एक त्याचं असतं. खऱ्या मुलाचं प्रकरण कुणी लिहून देत नाही. तो कसा वागतो तेवढंच आपल्या हातात असतं, आणि तेवढ्यावरच ठरवायचं असतं.

एका प्रकारापुरतं मात्र मी स्पष्ट ‘नको’ म्हणेन. ‘डार्क रोमान्स’ म्हणून जे विकलं जातं, रील्समध्ये फुलं-मेणबत्त्या लावून दाखवलं जातं, त्यात पळवून नेणं, बळजबरी हेच प्रेम म्हणून येतं. अनेक लेखिका पहिल्याच पानावर इशारा छापतात की हे प्रौढांसाठी आहे. सोळाव्या वर्षी ते हातात पडू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या तीन पुस्तकांत तसलं एकही नाही. मोबाईलवर काय आहे ते तिलाच विचारा, चोरून बघू नका. चोरून बघितलंत तर त्या मुलाला काय सांगणार?

आणि आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ते सहज लिहून गेलात: "हे जरा तापट आहेत, पण मनाने चांगले."

ताई, प्रेमकथेच्या नायकाचं वर्णन याहून नेमकं मी कधी वाचलेलं नाही. तापट, पण मनाने चांगला. आपण त्यालाच फणस म्हणतो, वरून काटे आणि आत गोड गरे. हे वाक्य तुमच्या मुलीने अमेरिकन पुस्तकात वाचण्याआधी कितीदा ऐकलं असेल? आजीच्या तोंडून आजोबांबद्दल, तुमच्या तोंडून बाबांबद्दल, शेजारच्या काकूंकडून. "रागावतात ते मायेपोटीच." "हक्काचं माणूस आहे म्हणून बोलतं." कॉलेजात गेल्यावर याच वाक्याचं इंग्रजी होतं आणि मुली ते लाजत, कौतुकाने सांगतात: "तो माझ्याबद्दल ना, खूप पझेसिव्ह आहे." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ४५ टक्के स्त्रियांनी सांगितलं की एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं अशी ती कारणं. यांतल्या बहुतेकींनी ‘आफ्टर’चं नावही ऐकलेलं नसेल. त्यांना हे कुठल्या कादंबरीने शिकवलं?

पुस्तकांनी तुमच्या मुलीला काही शिकवलं असेल तर एवढंच, की घरोघरी जे निमूट सोसलं जातं ते फार सुंदरही दिसू शकतं.

‘तापट’ म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आवाज चढत असेल. जेवणाचं ताट सरकवलं जात असेल. ह्यांची गाडी वाजली की घरातला टीव्ही आपोआप बारीक होत असेल. मला माहीत नाही आणि मी तर्क लढवणार नाही. हात उगारला जात असेल तर मला वेगळं पत्र लिहा, ते छापणार नाही, आणि १८१ तुमच्यासाठीही आहे. नसेल, नुसता स्वभावाचाच प्रश्न असेल, तरी एकदा आठवून बघा, ह्यांच्या रागानंतर तुम्ही मुलीला काय समजावता. "बाबांचं मनावर घेऊ नकोस" म्हणता की "बाबांनी असं बोलायला नको होतं" म्हणता? पहिलं वाक्य ऐकत वाढलेली मुलगी सतरा मिस्ड कॉल मनावर घेत नाही. दुसरं वाक्य म्हणायला जड जातं, मला कळतं. ह्यांच्यासमोर नाही, तिच्याजवळ म्हणा. वीस वर्षांच्या संसाराचा हिशोब मांडा असं मी सांगत नाहीये. माणूस मनाने चांगला असू शकतो आणि त्याचं बोलणं तरीही चुकीचं असू शकतं, हे दोन्ही तिला तुमच्या तोंडून एकाच वेळी ऐकू दे.

म्हणूनच तुमच्या कपाटातल्या तिसऱ्या पुस्तकाबद्दल मला हळहळ वाटली. ‘इट एन्ड्स विथ अस’ २०१६ सालचं. कव्हरवर फुलं, विकलं जातं प्रेमकथा म्हणून. इतकं की २०२३ मध्ये त्यावर रंग भरायचं पुस्तक काढायचं ठरलं होतं, आणि घरातल्या मारहाणीच्या गोष्टीत रंग कसले भरता, असं वाचकांनीच सुनावल्यावर ते मागे घेतलं. कारण आत गोष्ट वेगळी आहे. नायिका लिली. तिने लहानपणी वडिलांना आईला मारताना पाहिलंय, आणि आई त्यांना सोडून का गेली नाही याचा राग तिने वर्षानुवर्षं मनात ठेवलाय. तिला भेटतो तो डॉक्टर, हुशार, देखणा, जीव लावणारा. आणि तापट. पहिल्यांदा हात उचलतो तेव्हा तो कळवळून माफी मागतो. त्याच्या रागामागे लहानपणीचं एक मोठं दुःख आहे, तेही खरं आहे, लेखिका ते लपवत नाही. आपण वाचताना त्याच्या बाजूला झुकायला लागतो, लिलीसारखेच. सतरा मिस्ड कॉलना काळजी म्हणणारी तुमची मुलगी याच पानांवर स्वतःला भेटली असती, आणि कदाचित तुम्हालाही. लेखिकेने ही गोष्ट स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन लिहिली आहे. नावाचा अर्थच असा, की हे आपल्यापाशी थांबलं, पुढच्या पिढीत जाणार नाही. लिली काय ठरवते ते इथे सांगत नाही. ज्या पानावर ती ठरवते तिथे नुकती जन्मलेली एक मुलगी आहे, आणि तिच्या बापाला विचारलेला एक प्रश्न.

तर असं करा. कुलूप आजच काढा. ‘ट्वायलाइट’ आणि ‘आफ्टर’ तिच्या टेबलावर ठेवा, गादीखाली नको. "तुला न विचारता घेतली, चुकलं माझं" एवढं म्हणा. ती लगेच बोलायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, दोन-तीन दिवस जातील. मिस्ड कॉलचा विषय त्या दिवशी काढू नका.

तिसरं पुस्तक स्वतःकडे ठेवून घ्या, पण तिला सांगून. इंग्रजी फार अवघड नाही, अडलं तर तिलाच विचारा, त्या निमित्ताने ती तुमच्या शेजारी येऊन बसेल. रात्री स्वयंपाकघर आवरलं की रोज वीस-पंचवीस पानं. ती पाणी प्यायला आत येईल, तुमच्या हातात पुस्तक बघेल, आणि न राहवून काहीतरी बोलेलच. तेव्हा तिला म्हणा, "थांब, शेवट सांगू नकोस."